खरवडलेला चुना

होळी विझली की आमच्याकडे ऊन एकदम खांद्यावर येऊन बसतं. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, शेतं बोडकी दिसतात, लिंबाचा बारीक फुलोरा अंगणात गळत राहतो. दोंडाईच्याच्या वाटेला मिरचीच्या पथाऱ्या लाल होऊन पडलेल्या असतात आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस शिंकत जातो. आमच्या ख्रिस्ती घरांतून हाच उपासकाळ. चाळीस दिवस कुणी चहा सोडतं, कुणी मटण. मी तंबाखू सोडायचो आणि चाळीस दिवस दिसेल त्याच्याशी भांडायचो. माझी बायको मार्था म्हणायची, "देवानं तुमची तंबाखू मागितली नव्हती हो, जीभ मागितली होती."

काल इथे धुळ्यात देवपूरला, लेकीच्या घराशेजारी एक बांधकाम चाललंय तिथे, कुणीतरी चुनकळी विझवत होतं. पिंपात पाणी ओतल्याबरोबर ती फसफसली, वाफ निघाली, आणि तो उकडलेल्या दगडासारखा वास वरच्या खोलीपर्यंत आला. लेक म्हणाली, "आबा, खिडकी लावू का? खोकला येईल." मी म्हणालो, राहू दे. खोकला आला, पण खिडकी उघडीच ठेवली.

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत, तीही बापाला विटा द्यायला दुसरा माणूस मिळाला तर. वाचायला शिकलो ते आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गीतांच्या ओळींवर बोट ठेवून ठेवून. पण ओळंब्यात माझा हात कुणी धरू शकला नाही. शिंदखेड्याकडच्या आमच्या गावात नदीकाठी जे कबरस्थान आहे, त्यातल्या निम्म्या कबरींचे ओटे माझ्या हातचे. तिथली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसात फुगते. तिच्यावर बांधलेलं सरळ राहत नाही. माझे राहिले. हे मी फुशारकी म्हणून सांगतो, कारण फुशारकीच आहे.

पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, आमची मंडळी पहाटे मेणबत्त्या घेऊन, गात गात कबरस्थानात जाते. त्याआधी शनिवारी सगळ्या कबरींना चुना द्यायचा अशी रीत. आपल्या माणसाच्या कबरीला तर द्यायचाच, पण ज्याचं कुणी गावात उरलं नाही त्याच्या कबरीलाही द्यायचा. रविवारी एकही कबर काळी दिसता कामा नये. बायका चुन्यात नीळ किती घालायची यावरून वाद घालतात, म्हातारे घायपाताचे कुंचे ठेचत बसतात. दु:खाचं काम, पण लग्नघरासारखी गडबड.

या गडबडीत मी अकरा वर्षं एक काम करत होतो, ते आज लिहितो. मार्थाच्या कबरीला दुसऱ्या कुणीतरी आधीच चुना दिलेला असायचा. तो मी खरवडून काढायचो.

तो दुसरा माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ शमुवेल. आम्ही शामू म्हणायचो. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, आई गेल्यावर मार्थाच्याच हातचं खाऊन मोठा झालेला. मी त्याला गवंडीकाम शिकवायला घेतलं, पण त्याचं मन चाकावर. चुना कालवताना तर नीळ एवढी ओतायचा की मी म्हणायचो, "अरे, भिंत रंगवायचीय का धोतर धुवायचंय?" शेवटी दोंडाईच्याला एका मिरचीवाल्याची मॅटॅडोर चालवू लागला. स्टिअरिंगवर बसला की त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

मार्था गेली ती याच दिवसांत. सकाळपासून तिच्या पोटात कळ येत होती. दुपार चढली तशी ती भिंतीला टेकली आणि कपाळावर घाम आला. त्या कळा तिला आधीही यायच्या, जायच्या. पण या वेळी तिला बसता येईना. एसटीत उभं राहून धुळ्यापर्यंत नेणं शक्य नव्हतं, म्हणून शामूला निरोप धाडला. दोंडाईच्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे. शामू आला तो ऊन कलल्यावर. चार तासांनी. धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला बघितलं आणि म्हणाले, "फार उशीर केला हो." दिवे लागायच्या आत ती गेली.

व्हरांड्यात मी शामूची कॉलर धरली. "कुठे होतास?"

त्यानं खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मी जेवाले बठेल व्हतू, दादा. माल उतारा, मंग जेवाले बठनू."

"तू जेवलास आणि ती मेली," मी म्हणालो. तिथे मंडळीतली दहा माणसं होती. पुढे कबरीच्या तोंडाशी, मूठमाती देताना, सगळ्यांसमोर पुन्हा म्हणालो. त्याच्या हातातली माती तशीच राहिली. त्यानं ती टाकलीही नाही आणि झटकलीही नाही, मुठीत धरून उभा राहिला.

त्यानंतर गावात त्याला राहवेना. बायकोला, सालूला, घेऊन जळगावकडे नशिराबादला गेला. तिथे केळीचा ट्रक चालवू लागला. माझ्या लेकीच्या लग्नात त्यानं सालूच्या हाती साडी पाठवली होती. मी ती पिशवीतून न काढता परत केली. लेक त्या रात्री जेवली नाही. मी जेवलो. मला वाटायचं, मी मार्थाच्या बाजूनं उभा आहे.

तो केळी घेऊन सुरतेला निघाला की वर्षातून एकदा वाट वाकडी करायचा. शनिवारी झुंजूमुंजू असताना ट्रक नदीपाशी उभा करून वहिनीच्या कबरीला चुना द्यायचा आणि मी पोचायच्या आत निघून जायचा. मी गेलो की कबर ओली, पांढरी, निळसर. ती निळाई बघितली की माझं डोकं फिरायचं. मी पिशवीतून खरवडणी काढायचो आणि ओला चुना ओरबाडायचो. वाळलेला असला तर पाणी मारून. मग माझ्या हातचा, बेताच्या निळीचा चुना द्यायचो. आजूबाजूच्या कबरींवर वाकलेली माणसं आपापल्या बादल्यांत बघत राहायची. गावात माझी जीभ सगळ्यांना माहीत.

असं अकरा वेळा. राग म्हणजे गरम काहीतरी असतं असं लोक म्हणतात. माझा तसा नव्हता. तो रोजच्या भाकरीसारखा होता. सकाळी उठलं की तो असायचा, म्हणून उठायला कारण असायचं.

बाराव्या वर्षीचा उपासकाळ लवकर तापला होता. उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, देवळाचे पत्रे करकर वाजत होते. तीन तासांची भक्ती, बायका पदरानं वारा घेत होत्या. आमचे पाळकसाहेब, सडपातळ, म्हातारे, खुर्चीला एक हात धरून बोलत होते. वधस्तंभावरून प्रभूनं आधी काय मागितलं, तर खिळे ठोकणाऱ्यांसाठी क्षमा, कारण आपण काय करतोय हे त्यांना कळत नव्हतं. हे मी लहानपणापासून ऐकलेलं. दरवर्षी मला वाटायचं, साहेब मुद्दाम माझ्याकडे बघून बोलतात, आणि मी छताकडे बघायचो. त्या दिवशी छताकडे बघता बघता एक विचार आला. त्यांना कळत नव्हतं. मला तर कळत होतं. अकरा वर्षं मी काय करतोय हे मला पुरतं कळत होतं. मग माझ्यासाठी कोण काय मागणार?

मी भक्ती संपायच्या आत उठून बाहेर आलो. चपला तापल्या होत्या, त्या घालताना पाय पोळले.

शनिवारी तरीही बादली, कुंचा, खरवडणी घेऊन गेलोच. सवय. आणि कबर करडी. गेल्या सालचा माझाच चुना पावसानं धुऊन, उन्हानं उडून, कडेला पोपडे धरलेला. मी भोवताली फिरून बघितलं. ट्रकच्या चाकांची खूण नाही, कुठे निळीचा थेंब नाही. खरवडायला काहीच नव्हतं. मला राग आला. आला का नाही हा? तोंडात हेच आलं. मग खरवडणी हातात धरून मी तसाच उकिडवा बसलो आणि तिच्या नावाकडे बघितलं. ती अक्षरं मीच छिन्नीनं कोरलेली, खोल. त्या खाचांत निळसर चुना भरलेला होता. वरचा मी दरवर्षी काढत आलो होतो, पण अक्षरांच्या आत माझी खरवडणी कधी पोचलीच नव्हती. थरावर थर. अकरा वर्षं शामू तिच्या नावात बसून होता.

पलीकडच्या कबरीला चुना देत असलेले पाळकसाहेब कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "यंदा खरवडायला काही नाही वाटतं, याकोबभाऊ?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"बठ्ठ्या मंडळीला माहीत आहे. तुमच्या खरवडणीचा आवाज नदीपल्याड जातो."

ते जवळ आले. "शमुवेल अंथरुणाला खिळलाय. यकृत गेलंय म्हणतात. दोन महिने झाले. सालूबाईचं पत्र आलं होतं मला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"त्याचं नाव काढलं की तुम्ही उठून जाता. काल तर देवाचं नाव काढलं तरी उठून गेलात."

वेदीपाशी दान तसंच ठेवून आधी भावाकडे जावं, हे प्रभूचं सांगणं मी शंभरदा ऐकलेलं. माझ्यापाशी वेदी नव्हती, कालवलेला चुना होता. तो तसाच ठेवला. कुंचा त्यातच उभा राहिला. साहेबांना म्हणालो, "धुळ्याला जरा काम आहे. जाऊन येतो."

"जा," ते म्हणाले, आणि माझी बादली उचलून आपल्या बाजूला घेतली. "त्या कामाला माझा सलाम सांगा."

एसटी लग्नाच्या वऱ्हाडांनी भरलेली. बोटांच्या पेरांत चुना वाळून ओढत होता. एक बाई तिच्या पोरीला म्हणाली, "बाबांना टेकू नको गं, पांढरी होशील." शेतं, बाभळी, टँकरपाशी हंड्यांची रांग, सगळं उन्हात हलताना दिसत होतं. धुळ्यात शिरताना पांझरेचा पूल लागला आणि मी डोळे मिटले. या पुलावर मी अकरा वर्षं डोळे मिटत आलो होतो.

त्या संध्याकाळी मॅटॅडोरच्या मागच्या हौद्यात, रिकाम्या बारदानांवर, मार्थाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बारदानांत मिरचीची धूळ. तिला खोकला येत होता, आणि खोकला आला की पोटात कळ. पुलावर गाडी हळू झाली तेव्हा ती म्हणाली, "शामूभाऊजींना काही बोलू नका हं. तुम्हीच सांगितलंत ना कंडक्टरला."

मी काय सांगितलं होतं ते आता लिहितो. शामूची वहिनी आजारी आहे, दवाखान्यात न्यायचंय, मोकळा झाला की ये म्हणावं. कंडक्टरनं विचारलं, "लवकर पाठवू का, भाऊ? जास्त आहे का?" गाडीतली माणसं खिडकीतून बघत होती. मला ते बघणं आवडलं नाही. बायकोच्या पोटदुखीसाठी गवंडी याकोब रस्त्यावर हात जोडतोय, असं दिसायला नको होतं. मी म्हणालो, "घाई नाही."

एवढंच. घर रस्त्यालगतच, तिनं आतून ऐकलं होतं. कंडक्टर वर्षभरात बदलून गेला. तिच्यामागे हे जाणणारा मी एकटा. आणि निरोप पुरता पोचला असेल तर शामू. पोचला असेल का? मी स्वत:ला सांगायचो, नसेल. कंडक्टर लोक अर्धंच सांगतात. निरोप पुरता पोचला असता तर त्यानं व्हरांड्यातच तोंडावर फेकला असता. कुणीही फेकला असता. मी तर फेकलाच असता.

नशिराबादला उतरलो तेव्हा ऊन उतरलं होतं. हायवेच्या कडेला केळीचे ट्रक, ओल्या पाल्याचा वास. सालू दारात तांदूळ निवडत होती. मला बघून उठली, डोक्यावर पदर घेतला, आणि पाण्याचा तांब्या आणला. तिचे केस पांढरे झालेले मला माहीत नव्हते.

शामू खाटेवर होता. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं, हात काड्या. भिंतीकडे तोंड होतं. पावलं ओळखली असावीत.

"उना का, दादा?" तो म्हणाला.

मी उभाच राहिलो. बसलो तर बोलणं होणार नाही असं वाटलं. "मी कंडक्टरला म्हणालो होतो, घाई नाही."

"माले माहीत शे. त्यानी बठ्ठं सांगं."

"सगळं सांगितलं होतं, मग तू बोलला का नाहीस? त्या दिवशी? कबरीपाशी?"

"सांगीसन काय व्हतं? वहिनी उठती का? मी तुले वळखस, दादा. तू हिरमा उडी मारी देता." विहिरीत उडी मारली असतीस, असं तो म्हणत होता. आणि ते खरं होतं. मला कुणाचा तरी गळा धरायला हवा होता, दुसऱ्याचा नाही तर स्वत:चा. त्यानं आपला पुढे केला. अकरा वर्षं धरू दिला.

"मला माफ कर," मी म्हणालो. हे तीन शब्द मी बापाला म्हणालो नव्हतो, मार्थाला नाही, पाळकाला नाही. देवालाही मंडळीबरोबर, सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळूनच म्हणालो होतो. ते कसे निघाले ते सांगता येत नाही.

शामू हसला. त्याला हसू आलं की एका बाजूनं यायचं, तसंच. "दादा, बठीसन बोल ना. माले मान वर करता येत नही."

मग मी बसलो. त्याचा हात हातात घेतला तेव्हा माझा वाळलेला चुना त्याच्या हाताला लागला. तो ते बघत राहिला. "नीळ कमी घाली तू," म्हणाला. "कायम कमी घालस."

लोक सांगतात, क्षमा मिळाली की मन हलकं होतं. माझं झालं नाही. उलट जे अकरा वर्षं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं होतं ते माझ्यावर आलं, आणि ते जड होतं. पण ते माझं होतं. प्रभूपाशी न्यायला पहिल्यांदाच माझ्याजवळ माझं स्वत:चं काही होतं. याआधी मी त्याच्याकडे भावाची तक्रारच नेत आलो होतो. मी शिकलेला माणूस नाही, याहून चांगलं मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाचा रविवार. माझ्या आठवणीत मी पहिल्यांदाच त्या पहाटे आमच्या कबरस्थानात नव्हतो. घरातच तिघांनी प्रार्थना केली. सालूनं गीत धरलं, मध्येच आवाज गेला तेव्हा मी धरलं, आणि माझा सूर गेला तेव्हा शामूनं डोळे मिटून "अरे, खाली घे, खाली घे" केलं. दुपारी सालूनं माझं एकट्याचं ताट वाढलं. मी विचारलं, "याचं?"

ती चुलीकडे बघत म्हणाली, "ते दुपारले जेवतस नही, दादा."

"पथ्य आहे का?"

"आजारना आधीपासून. इकडे ऊनूत तव्हापासून. गाडीवर राहोत, घरी राहोत. म्हनतस, त्या दुपारले जेवनू ना मी."

त्या दुपारी म्हणजे मार्था गेली त्या दुपारी. मी ताट घेऊन खाटेपाशी गेलो. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करली, अगदी मऊ, मार्था त्याला लहानपणी करून द्यायची तशी, आणि घास त्याच्या तोंडापुढे धरला. त्यानं ओठ मिटले, मान फिरवली. पन्नाशीचा माणूस, पण हट्टी पोरासारखा. आमच्या घरात हट्ट काय मला एकट्यालाच आला होता?

"शामू," मी म्हणालो, "मी बसवलेला उपास आहे हा. मीच सोडवणार. तोंड उघड."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग तोंड उघडलं. चार घास खाल्ले. पाचव्याला हात वर केला, बस म्हणून. सालू दारात पाठ करून उभी होती, तिचे खांदे हलत होते.

मी गावी परत गेलो नाही. लेकीला पत्र टाकलं, काकाकडे आहे. ते वाचून ती आणि जावई लगेच पुढच्याच गाडीनं आले. ती काकाच्या पायाशी बसली आणि तिनं त्याला नीट रागावलं, इतक्या वर्षांत एक पत्र नाही म्हणून. तो ऐकून घेत होता, सुखानं. घरात सगळं बोललं जाऊ लागलं. मी रोज दुपारी भाकरी कुस्करायचो. कधी दोन घास, कधी चार. एकदा सहा खाल्ले तेव्हा सालूनं मला इशारा केला, मोजू नका, नजर लागेल. डॉक्टरांनी सांगून ठेवलंच होतं, फार दिवस नाहीत. मला ते माहीत होतं, तरी मी घास मोठा करत होतो.

पंधराएक दिवस झाले असतील. त्या दुपारी दूध तापायला वेळ लागला. मी अंगणात चुलीपाशीच भाकरी कुस्करली, वर साखरेची चिमूट टाकली आणि ताट घेऊन आत निघालो. सालू उंबऱ्यात उभी होती. तिनं मला आत जाऊ दिलं नाही. खांद्यावर हात ठेवून, आई मुलाला सांगते तसं म्हणाली, "दादा, तुम्ही जेवा."

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो, आणि ताटातलं सगळं जेवलो.